आरामाची तपासणी

पगार घेऊन खुर्चीत बसणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण खुर्चीत बसण्याशिवाय दुसरं काहीही न करता प्रामाणिकपणे पगार घेणारी आत्या एकटीच असावी. ती खुर्च्यांच्या कारखान्यात मुख्य तपासनीस होती. नव्या नमुन्याची खुर्ची तयार झाली की आत्या डोळे मिटून तिच्यात बसायची, पाठ टेकायची, एकदा इकडे, एकदा तिकडे कलायची आणि मग उठून एक तर गुपचूप पुढच्या खुर्चीकडे जायची, नाहीतर खिशातला खडू काढून पाठीवर फुली मारायची. फुली मारलेल्या खुर्चीचं पुढे काय होतं आणि ती बनवणाऱ्या कारागिराचं तोंड किती पडतं, याची चौकशी तिने कधी केली नाही.

हा खडू कारखान्यातच राहिला असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण तो रोज संध्याकाळी तिच्याबरोबर घरी यायचा. आत्याचं लग्न झालं होतं. सासरी वर्षभर बसून पाहिलं आणि फुली मारून ती परत आली. पुढे भावाची बायको गेली. मागे नुकतं चालायला लागलेलं मूल, आणि भाऊ घड्याळजी. एकदा डोळ्याला भिंग लावलं की घर पेटलं तरी याला धुराचा वास यायचा नाही. आत्याने कंबर कसली आणि घर हातात घेतलं. तेव्हापासून त्या घरात उशी, पडदा, शाळा, डॉक्टर किंवा भावाचा मित्र यांपैकी काहीही तिच्या तपासणीतून गेल्याशिवाय टिकलं नाही.

सगळ्यात जास्त तपासणी झाली ती खिळ्याची. खिळा म्हणजे तिचा भाचा. लहानपणी काटकुळा आणि ताठ, म्हणून हे नाव आत्यानेच ठेवलेलं. तो जन्मला तेव्हा सगळ्यांना मुलगी झाली म्हणून कळवलं होतं. आपण मुलगा आहोत हे खिळ्याला फार आधीपासून माहीत होतं. घरच्यांना ते चार वर्षांपूर्वी कळलं. भावाने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा तासकाटा मिनिटांच्या जागी बसवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला. आत्याने मात्र थोडा विचार केला आणि विचारलं, "मग आता शर्ट कुठल्या मापाचे आणायचे?" नातेवाइकांना तिने एका दुपारी फोन लावून सांगून टाकलं, मालावर चुकीचं लेबल गेलं होतं, ते बदललंय, अशा आवाजात. ज्यांनी वाद घातला त्यांच्यावर फुली. या बाबतीत आत्याला नावं ठेवायला कुणालाही जागा नव्हती, आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं.

पण खिळ्याची एक गोष्ट आत्याच्या हाताखालून कधीच पास झाली नाही. ती म्हणजे त्याची पाठ. लहानपणी ताठ असलेला हा खिळा वयात येता येता वाकला. खांदे पुढे, छाती आत, मान खाली. जिने आयुष्यभर पाठीच टेकून पाहिल्या तिच्या घरात असली पाठ म्हणजे नाक कापल्यासारखंच की. आत्या हात धुवून त्या पाठीच्या मागे लागली. जेवताना "ताठ बस", अभ्यासाला "ताठ बस", पाहुण्यांसमोर नुसतं खाकरणं, पण अर्थ तोच. पुढे खिळा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करू लागला, दिवसभर विहिरीसारख्या अंधाऱ्या पोकळीत दोऱ्या आणि चाकं तपासून घरी येऊ लागला, तरी दारात बूट काढायला वाकला की आतून आवाज यायचाच.

अशा घरात एका संध्याकाळी खिळ्याने सांगितलं, की छातीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. छाती सपाट करून घ्यायची, ज्यासाठी तो कित्येक महिने रांगेत होता, ते ऑपरेशन.

भाऊ म्हणाला, "हं." त्याने भिंग पुसायला घेतलं.

आत्या म्हणाली, "उत्तम. मी रजा टाकते. तुझी खोली हवेशीर नाही, तू बाहेरच्या खोलीत झोपशील."

खिळा म्हणाला, "आत्या, ऑपरेशननंतर मी मित्राकडे राहीन म्हणतोय. थोडे दिवस."

"मित्राकडे? का?"

"त्याने खोली रिकामी करून ठेवलीय."

"आपल्या घरात काय खोल्या नाहीत?"

"तसं नाही गं." खिळा टेबलाच्या कडेकडे बघत होता. "तुझ्याकडे आराम पडत नाही."

आत्याला कुणी चोर म्हटलं असतं, खोटारडी म्हटलं असतं, तर तिने दोन गोष्टी सुनावून विषय संपवला असता. पण आराम! हजारो अनोळखी माणसांच्या बुडाला आणि पाठीला जिने आराम पुरवला, तिच्याच घरात आराम पडत नाही? तिने विचारलं, "आणि मी पाडून दाखवला तर?"

"बघू," खिळा म्हणाला. "तारखेला अजून वेळ आहे."

एवढ्या "बघू"वर आत्याने आकाशपाताळ एक करायचं ठरवलं. भाच्याने दवाखान्यातून थेट आपल्या घरी यायचं, याहून वेगळं काही तिला त्यानंतर सुचेना.

पहिल्यांदा ती खिळ्याबरोबर दवाखान्यात गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ऑपरेशननंतरची काळजी समजावून सांगायला तिथे एक सिस्टर होती. शांत बाई, आवाजही शांत. ती म्हणाली, उताणं झोपायचं, पाठीला उशा लावून अर्धवट बसल्यासारखं. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. काही ओढायचं नाही, ढकलायचं नाही, उचलायचं नाही. रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवा, बाटल्यांची झाकणं आधीच सैल करा, पाणी प्यायला नळी ठेवा, शर्ट पुढून बटणांचे. बाजूने दोन नळ्या आणि त्यांना छोट्या बाटल्या असतील, घाबरू नका.

"पाठीला उशा?" आत्याने मध्येच विचारलं. "उशा सरकतात. रात्रीतून तीन वेळा."

"मग सरळ कराव्या लागतील," सिस्टर म्हणाली. "आणि पाठीचं म्हणाल तर..." ती पाठीबद्दल पुढे बरंच काही सांगत होती, पण आत्याचं लक्ष तोवर सिस्टरच्या स्टुलाकडे गेलं होतं. स्टूल डुगडुगत होतं. आत्याने ते पायाने तीनदा हलवून पाहिलं, आणि बाहेर पडताना कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याच्या खालच्या बाजूला फुली मारली.

इकडे भावाने स्वतःपुरती वेगळीच तयारी केली होती. समोरच्या घरातले निवृत्त भूमितीचे मास्तर जिन्यात भेटले आणि त्यांनी विचारलं, की घरात कसली गडबड चाललीय? भावाला खरं सांगता येईना आणि खोटं बोलायची सवय नाही. त्याच्या तोंडून निघून गेलं, "हर्निया."

आता हे मास्तरांना सांगणं म्हणजे आगीत तेल. मास्तरांना दोन्ही बाजूंचे हर्निया झाले होते, आणि तेव्हापासून त्यांना भेटणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकून ऐकून झाला होता. त्याच संध्याकाळी ते घरी आले, खिळ्याच्या पोटाकडे आपुलकीने बघितलं आणि म्हणाले, "शिंक आली की आधी उशी घट्ट धरायची. मग शिंकायचं. क्रम चुकता कामा नये." जाताना त्यांनी आपला जुना कमरपट्टा पाठवून द्यायचं कबूल केलं.

मास्तर गेल्यावर खिळ्याने बापाकडे पाहिलं. "बाबा, हर्निया?"

"तोंडाला आलं ते बोललो," भाऊ म्हणाला आणि कामाच्या मेजाकडे वळला. खिळ्याला वाईट वाटलं होतं. ते त्याच्या जेवणावरून दिसत होतं, आणि आत्याने ते तपासून "नीट जेव" असं सांगितलंही होतं.

उशांवर आत्याचा विश्वास नव्हता, म्हणून तिने कारखान्यातून आरामखुर्ची मागवली. कारखान्याचा सगळ्यात मानाचा नमुना. उजव्या बाजूला खाली एक दांडा. तो ओढला की पाठ मागे जाते, पाय वर येतात आणि माणूस सगळं विसरतो. आत्याने स्वतः पास केलेली, आणि अशी पास केलेली, की बसल्या बसल्या तिला डुलकी लागली होती. हमालांनी ती जिन्यातून चढवली तेव्हा कठड्याचा एक तुकडा उडाला. खुर्ची बाहेरच्या खोलीत मधोमध मांडली गेली आणि बाकीचं घर तिच्याभोवती सरकलं. भावाचं मेज उजेडातून अंधारात गेलं. त्याने नुसता एक दिवा वाढवला.

स्टुलावर पेला, पेल्यात नळी. स्टूल खुर्चीपासून बरोब्बर हातभर. औषधं, रुमाल, सैल झाकणांच्या बाटल्या, सगळं कमरेच्या उंचीवर. शर्ट पुढून बटणांचे. आत्याने चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि समाधानाने खडूवर हात ठेवला. तेवढ्यात तिच्या मनात आलं, की हे सगळं आपण उभं राहून पाहतोय. आजवर बसून पाहिल्याशिवाय आपण काहीही पास केलेलं नाही, आणि भाच्याचं दुखणं काय असंच पास करायचं?

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. भाऊ दुकानात, खिळा कामावर. दुपारी आत्याने तपासणीला हात घातला.

ऑपरेशननंतर छातीवर घट्ट काही तरी घालायचं असतं एवढं तिने सिस्टरकडून ऐकलं होतं. उशी आणायला ती खिळ्याच्या खोलीत गेली, तर खालच्या कप्प्यात तिला तसंच काही सापडलं. जाड, अंगाच्या रंगाची, बिनबाह्यांची तंग बंडी. दवाखान्याने आधीच पाठवली असणार. धुऊन धुऊन मऊ झाली होती, याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही. आत्या अंगाने खिळ्यासारखीच काटकुळी. तरी बंडी डोक्यातून खाली उतरायला बराच काळ लागला, आणि मध्ये एकदा दोन्ही हात वर आणि डोकं आत अशा अवस्थेत ती कपाटाला धडकली.

मग ती आरामखुर्चीत बसली. दांडा ओढला, पाठ मागे गेली, पाय वर आले. आता हात जायबंदी करायचे. त्यासाठी तिने कारखान्यातला पट्टा आणला होता. ट्रकमध्ये खुर्च्या हलू नयेत म्हणून बांधतात तो. टोक ओढलं की घट्ट बसतो, सोडायचा तर खटका दाबावा लागतो. दोन्ही कोपरं बरगड्यांना लावून तिने पट्टा अंगाभोवती घेतला आणि टोक ओढलं. खटका समोर होता. शेवटचा जोर लावताना तो सरकत सरकत पाठीमागे गेला.

सुरुवातीला आत्याला हे फार शास्त्रशुद्ध वाटलं. तिने पाण्याचा पेला तपासायचं ठरवलं. पेला हातभर अंतरावर होता. हात मात्र आता वीतभरच उरला होता. नळी तिच्याकडे तोंड करून उभी होती. तिने मान पुढे काढली, ओठ पुढे काढले, तरी मध्ये चांगलीच वाट शिल्लक राहिली. पेला नापास. ठीक आहे, उठून पिऊ. उठायला पाठ पुढे आणायला हवी, पाठीला दांडा हवा, आणि दांडा खाली बाजूला होता, ओढायचा. जोर लावून. ज्याला काही ओढायचं नाही अशा माणसासाठी आपण ही खुर्ची चार मजले चढवून आणली, हे आत्याच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःच्याच अंगावर फुली मारावीशी वाटली. पण खडू खिशात होता आणि खिशापर्यंत हात पोचत नव्हता.

दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. थोड्या वेळाने ते ढकलून मास्तर आत आले. काखेत एक उशी होती.

"ताई," ते उंबऱ्यातच थबकले. "झटका आला का?"

"नाही," आत्या म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "तपासणी चाललीय."

"कसली?"

"आरामाची. मास्तर, मागचा तेवढा खटका दाबा."

मास्तर खुर्चीच्या मागे गेले, पुढे आले. "खटका तुमच्या आणि खुर्चीच्या मध्ये आहे," ते म्हणाले. "हात घालावा लागेल. आणि घरात तर कोणी नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक कुठे आहेत?"

"तेच तर. लोक असते तर घातला असता."

यावर तोडगा म्हणून मास्तर साधी खुर्ची ओढून समोर बसले आणि तिला एकटं वाटू नये म्हणून स्वतःच्या पहिल्या हर्नियाची हकिगत सुरुवातीपासून सांगू लागले. आत्याला हसू येत होतं, पण हसायला छातीत हवा लागते. तिला ओरडायचंही होतं, त्यालाही लागते. दुसऱ्या हर्नियाच्या मध्यावर मास्तरांना आपल्या औषधाची वेळ आठवली. "उशी ठेवून जातो," ते म्हणाले. "शिंक आली तर धरा." उशी त्यांनी पेल्याशेजारी ठेवली.

मास्तर गेले आणि खोली शांत झाली. आता आत्याला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. तो अर्ध्यावर जाऊन परत फिरत होता. पट्टा कोपरांवर होता. श्वास अडवत होती ती बंडी. बरगड्यांना चारी बाजूंनी कुणी दाबून धरल्यासारखं. जांभई आली, तीही पुरती झाली नाही. काखेत कापड रुतत होतं. आत्याने पाठ टेकून सरळ व्हायला बघितलं तर दाब वाढला. खांदे पुढे टाकले, छाती आत घेतली, मान खाली घातली, तेव्हा जरा बरं वाटलं. ती तशीच राहिली.

आणि तसंच राहिल्यावर ही बैठक तिने ओळखली. जेवणाच्या टेबलाशी समोरच्या बाजूला ही बैठक तिने वर्षानुवर्षं पाहिली होती. धुऊन मऊ झालेलं ते कापड दवाखान्यातून आलेलंच नव्हतं. घामाच्या दिवसांत, तापात, परीक्षेला जाताना, लिफ्टच्या पोकळीतून चढून आल्यावर, तिच्यासमोर जेवायला बसताना पोराच्या अंगावर, छाती दबून सपाट दिसावी म्हणून, हेच होतं, आणि समोरून रोज "ताठ बस" असा आवाज जात होता.

आत्याला फार वाईट वाटलं. असं वाईट वाटणं तिला माहीत नव्हतं. एरवी कशाचंही वाईट वाटलं की ती दुसऱ्या कुणाला तरी झापायची. इथे कुणी नव्हतं.

खिळा आला तेव्हा उजेड उतरत होता. त्याने दारातूनच पाहिलं. काही न विचारता तो पुढे आला, पाठीमागे हात घालून खटका दाबला आणि पट्टा सैल केला. मग त्याला गळ्याशी डोकावणारी बंडी दिसली.

"आत्या, ही कुठून काढलीस?"

"काढता येत नाहीये," आत्या म्हणाली. "आधी हिच्यातून काढ."

त्याने दांडा ओढून तिला बसती केली, तिच्या खांद्यावर पांघरूण टाकलं आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "हात एकदम वर नेऊ नकोस, अडकशील. आधी खालून गोळा कर. आता एक कोपर आत घे. तेच. आता तो खांदा. घाई नको." तो हे इतक्या सवयीने सांगत होता, की आत्याचे हात थांबले. मग तिने सांगितल्याप्रमाणे केलं. बंडी निघाली आणि श्वास पुरा खालपर्यंत गेला. तिला खोकला आला, आणि खोकल्यात रडूही आलं.

"पाणी देऊ?"

"दे. नळी नको."

पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "ही दिवसभर घालायचास?"

"हो."

"जेवताना?"

"जेवतानाही."

"सांगायचंस रे."

"सांगितलं असतं तर तू तपासायला मागितली असतीस."

हे खोटं म्हणायची सोय नव्हती; बंडी आत्याच्याच मांडीवर पडली होती. "म्हणून म्हणालास," ती म्हणाली, "माझ्याकडे आराम नाही?"

"बंडीचं काही नाही गं." खिळा साध्या खुर्चीत बसला, मास्तर बसले होते त्याच. "तू सारखी बघतेस. कसा बसलो, किती खाल्लं, तोंड कसं केलं. माझी काळजी करतेस, कळतं मला. पण मला थोडे दिवस कुणी न बघता पडून राहायचंय. माझं मला बघायचंय आधी."

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं. "मग मित्राकडे जा," ती म्हणाली. "त्याला झाकणं सैल करून ठेवायला सांग."

खिळा म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आत्या सरळ गोदामात गेली आणि त्या मानाच्या नमुन्याच्या जेवढ्या खुर्च्या होत्या तेवढ्यांवर फुल्या मारल्या. व्यवस्थापक धावत आला. "बाई, ही तुम्हीच पास केलीत. झोपला होतात तुम्ही तिच्यात."

"तेव्हा मला हात होते," आत्या म्हणाली आणि पुढच्या रांगेकडे वळली.

घरातली आरामखुर्ची मात्र तिने परत पाठवली नाही. भावाने ती एकदा बघितली, दांड्यापाशी बसून भिंग लावलं आणि नंतर कित्येक संध्याकाळी त्या खुर्चीच्या पोटात काही ना काही करत राहिला. शेवटी हाताच्या टेकणीवर एक छोटी कळ बसली. करंगळी ठेवली की पाठ हळूहळू वर, पुन्हा ठेवली की हळूहळू खाली. एवढं झाल्यावर तो म्हणाला, "बघ गं ताई." आत्या बसली नाही. "तुझं बघून झालंय ना?" ती म्हणाली. "मग झालं." खिळ्यालाही तिने दाखवायला बोलावलं नाही. स्टूल तेवढं तिने वीतभर अंतरावर सरकवलं.

दवाखान्यात जायच्या सकाळी तिघं जिना उतरायला लागले, तर मास्तर आपल्या दारात कमरपट्टा घेऊन उभे. "हा घ्या," ते म्हणाले. "हर्नियाला याच्यासारखं दुसरं काही नाही."

भाऊ थांबला. त्याने पट्टा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत मास्तरांच्या हातात दिला. "हर्निया नाही, मास्तर. मी खोटं बोललो. छातीचं ऑपरेशन आहे. माझ्या मुलाला ते फार वर्षांपासून हवं होतं."

मास्तरांनी खिळ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. सगळ्यांचे पाय एकेका पायरीवर अडकले होते. "असं," मास्तर म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "पण शिंकेचा नियम तोच. आधी उशी."

खिळा हसला. खाली उतरताना तो बापाच्या मागोमाग होता आणि आत्याने, लक्ष नाही असं दाखवून, त्याच्या पाठीकडे पाहायचं टाळलं.

ऑपरेशन नीट झालं. सिस्टर येऊन सांगून गेली तेव्हा आत्याचा जीव भांड्यात पडला आणि भावाने हातातलं घड्याळ उगाचच किल्ली देऊन कानाला लावलं. दवाखान्यात आत्या बसली ती खोलीच्या बाहेर, बाकावर. बाक वाईट होता. तिने ते कुणाला सांगितलं नाही. आत बोलावलं की ती जायची, नळी पेल्यात ठेवायची आणि परत यायची. खिळ्याच्या तोंडाकडे न बघता त्याला पाणी देणं हे तिला सगळ्या नोकरीत काही गेलं नव्हतं एवढं जड जात होतं. एकदा त्यानेच म्हटलं, "आत्या, थोडी बस की इथे." ती बसली आणि खिडकीकडे बघत राहिली.

घरी सोडायच्या दिवशी भावाने टॅक्सी आणली. मित्राने बिछाना घालून ठेवला होता, निरोपही आला होता. आत्याच्या पिशवीत सुपाचा थर्मास होता, मित्राच्या घरी द्यायला. भाऊ पुढे बसला. खिळा मागे, फार सावकाश; आत्या त्याच्याशेजारी. टॅक्सीचा पट्टा छातीला लागू नये म्हणून तिने मध्ये उशी ठेवली. ती मास्तरांचीच होती.

खिळ्याने कपाळावर आठ्या घालत पाठ टेकली आणि मग, वर्षांची सवय, आत्या शेजारी आहे म्हणून बळंच सरळ व्हायला लागला. टाके ओढले गेले. त्याचा श्वास अडखळला.

पुढून भाऊ वळून म्हणाला, "ताठ बस रे, पट्टा नीट बसेल." हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की ते आता कुणाच्याही तोंडून आपोआप निघत असे.

"वाकू दे त्याला," आत्या म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. "त्याला हवं तेवढं वाकू दे. कुणी काही बोलायचं नाही."

खिळ्याने हळूहळू खांदे सोडले. पाठ गोल झाली, हनुवटी उशीवर आली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याचा श्वास एकसारखा चालू लागला. आत्याने पाहिलं नाही, पण तिला ऐकू आलं.

टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, "कुठे घेऊ?"

आत्याने पिशवी घट्ट धरली. पत्ता तिला तोंडपाठ होता, मित्राचाही. भावाने मागे वळून पाहिलं. खिळ्याचे डोळे मिटलेलेच होते.

"घरी," खिळा म्हणाला, आणि मग टॅक्सीवाल्याला कळावं म्हणून त्याने रस्त्याचं नाव, इमारत आणि चौथा मजला, कठडा तुटलेला जिना, असं सगळं सावकाश सांगितलं.

भाऊ पुढे वळून बसला. आत्या घर येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होती. बाहेर तपासण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी तिला ते नीट दिसलं नसतं.